दातावरचा डाग आणि बोअरचं पाणी

नांदेडच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्याला फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या मुलांच्या पुढच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे दिसतात. घरचे मुलाच्या आळसाला बोल लावतात. पोर हिरड्या सोलवटेपर्यंत घासतं, पण पट्टा जात नाही. दात हिरडीखाली घडत असतानाच तो त्यात उतरलेला असतो.

हाच डाग 1901 मध्ये फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात पाहिला. कारण कळायला 1931 उजाडलं : पाण्यातलं फ्लोराइड. पण डागाळलेले दात किडत कमी, हे मॅकेने आधीच टिपलं होतं. त्या धाग्यावरून अमेरिकी दंतवैद्य ट्रेंडली डीन यांनी लाभाचं प्रमाण काढलं, लिटरला सुमारे एक मिलिग्रॅम. 25 जानेवारी 1945 पासून अमेरिकेतल्याच ग्रँड रॅपिड्स शहराच्या नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळू लागले. पुढे ते टूथपेस्टमध्ये आलं.

आपल्याकडे प्रश्न जादा फ्लोराइडचा. 1937 मध्येच आंध्रातल्या नेल्लोरकडे त्याने हाडं ताठरलेली माणसं नोंदली गेली होती. मराठवाडा तेव्हा आडा-बारवांचं पाणी पीत होता, आणि त्यातून नारू हा कृमीचा रोग होत असे. 1972 च्या दुष्काळानंतर बोअर वाढले. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनने घडवलेला पोलादी हातपंप, मग सोलापूरचा, आणि त्यातून इंडिया मार्क टू : या पंपांनी नारू हटवायला मोठा हातभार लावला, हे उपकार विसरता येणार नाहीत. पण देगलूर-बिलोलीकडे काळा पाषाण संपून ग्रॅनाइट लागतो. अशा खडकात पाणी जितकं मुरून राहील, तितकं फ्लोराइड त्यात उतरतं. शेतीच्या उपशाने पातळी खाली गेली, बोअर आणखी खोल गेले.

नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने 1970 च्या दशकात तुरटी-चुन्याने फ्लोराइड काढण्याची नळगोंडा पद्धत बसवली. पद्धत स्वस्त, पण मात्रा रोज मोजून द्यावी लागते, गाळ टाकायला जागा लागते. पाणी उकळून तर काहीच साधत नाही, फ्लोराइड उलट दाटतं. जादा फ्लोराइडच्या या आजारासाठी, म्हणजे फ्लोरोसिससाठी, 2008-09 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला.

माझ्या मते टिकाऊ उपाय म्हणजे धरणाचं, नदीचं शुद्ध केलेलं पाणी. पण 2016 मध्ये मांजरा धरण आटलं, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. धरण आटलं की लोक पुन्हा बोअरकडेच वळतात. म्हणून प्रत्येक बोअरचं फ्लोराइड भर उन्हाळ्यात मोजायला हवं, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलेल्या पंपाचं पाणी पिण्यासाठी बंद व्हायला हवं, आणि चांगलं पाणी सर्वांत आधी अंगणवाडीला मिळायला हवं. तिथल्या पोरांचे कायमचे दात अजून घडत आहेत.