जाळीकामाची करवत : काल आणि आज

गणपतीचे दिवस जवळ आले की आमच्या घरात एक आवाज सुरू होतो. शिवणयंत्रासारखाच, पण किंचित खरखरीत. प्लायवूडच्या फळीवर पेन्सिलीने वेलबुट्टी काढायची, गिरमिटाने भोक पाडायचे, त्यातून बारीक पाते ओवायचे आणि रेघेरेघेने लाकूड कापत जायचे. इंग्रजीत ह्याला फ्रेटवर्क म्हणतात. आपण जाळीकाम म्हणू. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून मखरासाठी लाकडी जाळीकडे वळलेली पुष्कळ माणसे मला भेटली. त्यांत शाळेतले गुरुजीही होते.

मागच्या साली ऐन श्रावणात आमचे यंत्र बंद पडले. वडिलांच्या वेळचे ते. वरची स्प्रिंग तुटली आणि सुटा भाग कुठे मिळेना. नवे घेणे आले. मी पडलो इतिहास शिकवणारा माणूस. दुकानात गेलो, मोटरीची ताकद विचारली, किंमत विचारली आणि चकचकीत यंत्र घेऊन घरी आलो. चार दिवसांत कळले की पैसे वाया गेले. फसवले कुणीच नव्हते. विचारायचे काय, तेच मला ठाऊक नव्हते. ते शिकण्यासाठी मला शेवटी माझ्याच विषयाचा आधार घ्यावा लागला. ह्या करवतीचा इतिहास पाहिला आणि मग डोक्यात प्रकाश पडला. माझा पैसा माझ्या खिशातला होता. शाळेसाठी असे यंत्र घेताना तो गावाचा असतो. म्हणून ही हकीकत सांगतो.

साऱ्या गोष्टीचे मूळ एका अडचणीत आहे. नाजूक वळण कापायचे तर पाते बारीक हवे. पण बारीक पाते म्हणजे लवलवती तार. एकतारीची तार ढिली असली तर सूर लागत नाही, तसेच हे पाते ढिले असले तर रेघ सोडून भटकते, तापते आणि तुटते. तेव्हा पाते ताणून कसे धरायचे, हाच ह्या करवतीपुढचा प्रश्न. तीनशे वर्षांपूर्वी तोच होता आणि आजही तोच आहे.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई ह्याच्या पदरी आंद्रे शार्ल बूल नावाचा एक कारागीर होता. जन्म १६४२, मृत्यू १७३२. कासवाच्या पाठीचा पत्रा आणि पितळेचा पत्रा एकावर एक ठेवून तो दोन्ही एकाच वेळी कापून घेई आणि एकाची नक्षी दुसऱ्याच्या खाचेत बसवी. आता विचार करा, पाते जाड असते तर दोन तुकड्यांच्या मधे फट दिसली असती! बारीक पाते ही तिथे हौस नव्हती, गरज होती. अशा कामाला कमानीची करवत लागे. पाते कमानीच्या दोन टोकांना आवळायचे. ताण कमानीचा आणि गती हाताची. आपल्या शाळांतून हस्तव्यवसायाच्या तासाला मुलांच्या हाती येणारा फ्रेटसॉ हा त्याच कुळातला.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायाने चालणारे शिवणयंत्र घरोघर पोचले. पायाने सुई वरखाली होते, तर करवतीचे पाते का होऊ नये? १८७० नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेत अशी यंत्रे धडाक्याने निघू लागली. इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड गावी बार्न्स बंधूंचा कारखाना होता, मॅसॅच्युसेट्समध्ये मिलर्स फॉल्स कंपनी होती. ह्या यंत्रांची ठेवण पाहण्याजोगी असे. एकावर एक असे दोन आडवे बाहू, मागच्या बाजूला दोन्ही एकमेकांना ताण देऊन जोडलेले, आणि पुढच्या टोकांमध्ये पाते. पायाने पट्टी दाबली की दोन्ही बाहू बरोबरीने खालीवर होत. बैलगाडीची जोडी पाहा. दोन्ही बैल एका चालीने चालले तर जू सरळ राहते. तसेच इथे पात्याचा ताण वर काय नि खाली काय, सारखाच राही.

इंग्लंडात ह्या हौसेला खरे खतपाणी मिळाले ते नॉरफोक परगण्यातल्या डेरेहॅम गावाहून. १८९५ साली 'हॉबीज' नावाचे साप्ताहिक निघाले. त्याबरोबर कापायच्या नक्षीचा कागद फुकट मिळे. लाकूड, पाती आणि पायाने चालणारी यंत्रेही ही मंडळी विकत. साध्या घरातली मुलेसुद्धा त्या कागदावरून घड्याळाची घरे आणि तसबिरींच्या चौकटी कापू लागली.

मग वीज आली आणि इथे कथेला वळण लागले. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९१९ साली हर्बर्ट टाउट्झ ह्यांनी डेल्टा कंपनी सुरू केली आणि घरगुती कारागिरांसाठी यंत्रे काढली. त्या काळच्या विजेच्या जाळीकरवतींत वरचा बाहू बहुधा ओतीव लोखंडाचा, ताठ आणि न हलणारा असे. मोटर पाते खाली ओढी आणि वरची स्प्रिंग ते पुन्हा वर खेची. यंत्र मजबूत झाले, वेग वाढला. पण खाली जाताना स्प्रिंग ताणली जाई आणि वर येताना सैल पडे. म्हणजे प्रत्येक फेरीला पात्याचा ताण बदलायचा. बारीक पाती पटापट तुटू लागली. आमच्या वडिलांचे यंत्र ह्याच जातीचे. 'पाते तुटले' हे वाक्य लहानपणी मी 'चहा झाला का'च्या खालोखाल ऐकले असेल!

१९७० नंतरच्या दशकात जर्मनीत हेल्मुट आबेल ह्या इंजिनियराने हेग्नर यंत्राच्या रूपाने काय केले ठाऊक आहे? पुन्हा दोन समांतर बाहू आणले. शंभर वर्षांपूर्वी पायाने चालणाऱ्या यंत्रात जे तत्त्व होते तेच, फक्त आता मोटर जोडलेली. आजची चांगली हौशी यंत्रे बहुतेक ह्याच वळणाची किंवा त्यातूनच सुधारलेली आहेत. वेगाच्या नादात जे हातचे सोडले होते, ते फिरून घरी आले. इतिहासात असे पुष्कळदा घडते.

आता ह्यातून आपण काय घ्यायचे? यंत्र बदलताना मोटरीची ताकद शेवटी विचारा. हे काम ताकदीचे नव्हे. लहान यंत्राला शंभर वॅटच्या आसपास वीज पुरते, म्हणजे छताच्या पंख्याहून थोडीशीच जास्त. पहिला प्रश्न हा : पाते कसे धरले आहे आणि ते ताणते कोण? दोन समांतर बाहू असतील तर उत्तम. एकच वाकडा बाहू दोन्ही टोके धरत असेल, तर पाते किंचित झोके घेते; काप जलद होतो, पण नाजूक वळणाला हात बसावा लागतो.

दुसरा प्रश्न, आणि ह्यातच मी ठेचकाळलो : बिनखिळीचे पाते बसते का? काही स्वस्त यंत्रांत पात्याच्या दोन्ही टोकांना आडवी खीळ असलेलीच पाती चालतात. अडकवायला सोपी, पण ती खीळ ओवायला साधारण पाच मिलिमीटरचे भोक लागते. माझ्या मुलीने मखरासाठी मोर काढला होता. त्याच्या पिसांतले डोळे त्याहून लहान. पाते आत जाईचना! साध्या टोकाचे पाते दीड मिलिमीटरच्या भोकातूनही जाते. शेवटी चतुर्थीच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत ते डोळे मी हातातल्या कमानीच्या करवतीने कापले. मुलगी कंदील धरून बसावी तशी मोबाइलचा उजेड धरून बसली होती.

तिसरे, घशाची खोली : पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचे अंतर. ते सोळा इंच असले तर बत्तीस इंच रुंदीची गोल फळी पूर्ण फिरवता येते. चौथे, वेग कमीजास्त करता येतो का? शिकणाऱ्या मुलांना मंद वेग हवा, आणि पितळ किंवा प्लास्टिक कापतानाही हवा. पाचवे, यंत्राचे वजन. हलके यंत्र थरथरते, आणि थरथरत्या यंत्रावर पेन्सिलीची रेघसुद्धा दिसत नाही. दाते खाली तोंड करून बसवायचे, डोळ्यांना चष्मा लावायचा आणि प्लायवूडचा भुसा नाकात जाऊ नये म्हणून तोंडावर फडके बांधायचे, हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे : दुकानात जाताना सहा मिलिमीटर प्लायवूडचा एक तुकडा खिशात न्या. त्यावर आधीच गोगलगायीच्या शंखासारखे वळण काढून ठेवा. ते वळण स्वतः कापून पाहा, मधे एकदा पाते काढून पुन्हा बसवून पाहा. दुकानदार कापू देत नसेल तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

दुसऱ्या खेपेस मी तसेच केले. यंत्र थोडे महाग पडले, पण पहिल्याची किंमत त्यात धरली नाही तरच 'थोडे'! वडिलांचे जुने यंत्र मात्र मोडीत घातले नाही. ते माळ्यावर आहे. त्याची स्प्रिंग तुटली नसती, तर त्याच्या आधीच्या शंभर वर्षांकडे मी वळून पाहिले नसते.