नाम, स्थान आणि परिसर : सर्व्हरच्या इतिहासातील एक प्रकरण

जुलै २०२० मध्ये पनवेल येथे हिरानंदानी समूहाचे ‘योट्टा एनएम १’ हे डेटा सेंटर सुरू झाले. अशा केंद्रात यंत्रे एका संस्थेची, त्यांवर चालणारी सेवा दुसऱ्या संस्थेची आणि त्या सेवेची आज्ञावली लिहिणारा तिसराच, अशी स्थिती असते. आपली आज्ञावली कोणत्या यंत्रावर नांदेल हे लिहिणाऱ्यास ठाऊक नसते. तरीही तिला लागणारे साहाय्यक साधन तिला सापडावेच लागते. ही अडचण कशी सोडविली गेली, हे भाषाभ्यासकासही उद्बोधक वाटावे.

१९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत आज्ञा शोधण्याचा क्रम ठरलेला होता : प्रथम चालू डिरेक्टरी, मग ‘बिन’, मग ‘यूएसआर’मधील ‘बिन’. हा क्रम शेलच्या संहितेतच गोवलेला असल्यामुळे तो बदलणे म्हणजे शेलच बदलणे होय. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत, स्टीफन बोर्न यांच्या शेलबरोबर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची व्यवस्था रूढ झाली. स्थान संहितेतून निघाले आणि ‘पाथ’ या नावाच्या आश्रयाने परिसरात आले. हा परिसर जनक प्रक्रियेकडून जन्य प्रक्रियेकडे जातो. जन्य प्रक्रियेने केलेला बदल मात्र जनकाकडे परतत नाही.

या व्यवस्थेचा पुढे जावाने पुरेपूर उपयोग केला. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मलेला टॉमकॅट सर्व्हर १९९९ मध्ये अपाचेकडे आला. त्याची आरंभक आज्ञावली ‘जेआरई_होम’ आणि ‘जावा_होम’ ही नावे पाहते. पहिले नसल्यास दुसऱ्याचे मूल्य घेते. दोन्ही नसल्यास युनिक्सवर ती ‘पाथ’च्या आधारे जावाचा शोध करते आणि तोही निष्फळ ठरल्यास संदेश देऊन थांबते.

व्हेरिएबल ही संज्ञा गणिताकडून आली असली, तरी या नावांचे वर्तन ‘येथे’, ‘तेथे’ या दर्शक शब्दांसारखे आहे. त्यांचा अर्थ उच्चारणाऱ्याच्या स्थितीवर अवलंबून असतो. व्यवस्थापकाने आपल्या शेलमध्ये ‘जावा_होम’ निश्चित केले म्हणजे त्याच्या हातून सर्व्हर सुरळीत सुरू होतो. परंतु यंत्र बंद पडून पुन्हा चालू झाले की तीच सेवा प्रणालीकडून सुरू केली जाते आणि त्या वेळी व्यवस्थापकाचा परिसर तिला वारशाने मिळत नाही. यासाठीच टॉमकॅटने ‘सेटएन्व्ह’ या स्वतंत्र फाइलची सोय ठेवली आहे.

दुसरा धोका काळाचा. सप्टेंबर २०१७ मधील जावाच्या नवव्या आवृत्तीत विकाससंचातील ‘जेआरई’ ही उपडिरेक्टरी काढून टाकण्यात आली. ‘जेआरई_होम’ तिकडे वळविलेले असल्यास नव्या संचात नाम शिल्लक राहिले, निर्देश्य स्थान लोपले.

स्थान संहितेतून काढल्याने आज्ञावली कोठेही नेता येऊ लागली, हा लाभ निःसंशय मोठा आहे. परंतु त्यामुळे अर्थरक्षणाची जबाबदारी नाहीशी झाली नाही. ती लेखकाकडून व्यवस्थापकाकडे गेली. म्हणून नावाबरोबर ते कोणाच्या परिसरात उच्चारले जाणार आहे, याचीही नोंद ठेवणे अगत्याचे ठरते.