एकच भाव, खरा बोल

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमधील बहुतेक कापडदुकानांत मालावर किंमत लिहिलेली नसे. गिऱ्हाइकाची ऐपत पाहून भाव सांगितला जाई. घासाघीस जाणणारा स्वस्तात नेई, भोळा अधिक दाम मोजी. पायरी चढलेल्याने काही घेतल्यावाचून परतणे अशिष्ट मानले जाई. घरी नेलेले कापड खराब निघाले, तरी दाद मिळणे कठीण.

त्यापूर्वी, सतराव्या शतकात, इंग्लंडमधील क्वेकर पंथीय दुकानदारांनी निराळा मार्ग धरला होता. चढा भाव सांगून कमीत देण्यात पहिला बोल असत्य ठरतो, म्हणून ते एकदाच आणि खरा भाव सांगत. पंथप्रवर्तक जॉर्ज फॉक्स यांनी आपल्या रोजनिशीत नमूद केले आहे की, त्यांच्या वेगळ्या चालीरीतींमुळे प्रारंभी गिऱ्हाइके बिचकली; काहींना भाकरीपुरतेही मिळेना. परंतु लहान मूल दुकानात पाठविले तरी फसवणूक होत नाही, हा अनुभव येताच लोक क्वेकर कापडवाल्याचा व शिंप्याचा पत्ता विचारीत येऊ लागले.

पॅरिसमध्ये ही रीत मोठ्या प्रमाणावर रुजविण्याचे श्रेय आरिस्तीद बुसिको यांना जाते. १८१० साली जन्मलेले बुसिको टोपीवाल्याचे पुत्र. कापडदुकानात नोकरी करीत ते व्यापार शिकले आणि १८५२ मध्ये ‘बाँ मार्शे’ या दुकानात भागीदार झाले. मालावर ठरलेली किंमत, खरेदीची सक्ती न करता मुक्त प्रवेश, नापसंत माल परत घेण्याची तयारी आणि अल्प नफ्यात अधिक उलाढाल, ही त्यांची सूत्रे होती. यांतील काही गोष्टी इतरांनीही केल्या होत्या. त्यांनी त्या एकत्र आणून निष्ठेने पाळल्या. १८५२ मध्ये सुमारे साडेचार लाख फ्रँक असलेली वार्षिक विक्री १८६३ पर्यंत सुमारे ७० लाखांवर गेली. त्याच वर्षी दुकान सर्वस्वी त्यांचे झाले. १८७७ मध्ये त्यांचे निधन झाले; पत्नी मार्गरीत यांनी कारभार पुढे चालविला. ते दुकान आजही उभे आहे.

परत घेण्याच्या वचनाचे मर्म व्यापाऱ्यालाच उमगेल. माल परत येणार ही जाणीव असली की खरेदी करतानाच धागा उकलून, रंग चोळून पाहिला जातो. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द प्रथम दुकानदारालाच शिस्त लावतो.

हे मी उशिरा शिकलो. गादीवर नवा असताना एक वृद्ध भगिनी रंग गेलेले लुगडे घेऊन आल्या. “धुतलेला माल परत नाही,” असे मी तोडून टाकले. त्या काही न बोलता पायरी उतरल्या. पुढे त्या आल्या नाहीत आणि त्यांच्या गावचे लग्नाचे बस्तेही आमच्याकडे आले नाहीत. एका लुगड्याची किंमत मी वाचविली. गमावले त्याची नोंद कोणत्याच खतावणीत नाही.

आज गिऱ्हाईक घरबसल्या दहा ठिकाणचे भाव पाहते. मोठ्या दुकानांशी भावात बरोबरी करणे आपणा लहान व्यापाऱ्यांना नेहमी जमणार नाही. परंतु मापात पूर्ण, बोलण्यात खरे आणि तक्रार ऐकताना शांत राहणे आपल्या हाती आहे. नव्या पिढीने गादीवर बसताना एवढे जरूर ध्यानी घ्यावे.