उत्तराची वाट पाहणारे संशोधन

पीएच.डी.साठी नाव नोंदवणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच विचारतात : तुमचा संशोधन आराखडा कोणता? पुष्कळदा त्या रकान्यात ठरावीक शब्द भरले जातात आणि गाडी पुढे सरकते. पण यांतल्या काही शब्दांमागे माणसांच्या जगण्यामरण्याचा मोठा इतिहास आहे. ‘प्रॉस्पेक्टिव्ह स्टडी’ हा त्यांपैकी एक. मराठीत त्याला ‘भविष्यलक्षी अभ्यास’ म्हणतात. भविष्य वर्तवण्याची विद्या ही नव्हे. प्रश्न आधी लिहून ठेवायचा आणि नोंदी करत उत्तराची वाट पाहायची, एवढाच तिचा अर्थ.

ही वाट पाहण्याची गरज का पडली, ते समजण्यासाठी १९५० सालच्या लंडनमध्ये जावे लागेल. फुफ्फुसाचा कर्करोग झपाट्याने वाढत होता. कोणी मोटारींच्या धुराला दोष देत होते, कोणी डांबरी रस्त्यांना. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी लंडनच्या रुग्णालयांतले फुफ्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण निवडले, दुसऱ्या आजारांचे तितकेच रुग्ण निवडले आणि सर्वांना त्यांच्या सवयी विचारल्या. बोट सिगारेटकडे वळले. डॉल यांनी स्वतःची सिगारेट तेव्हाच सोडली.

तरीही शंका घेणारे होतेच, आणि त्यांची शंका पोरकट नव्हती. आजार झाल्यावर माणूस मागचे आठवतो, तेव्हा त्या आठवणीवर आजाराची सावली पडलेली असते. मी कवी आहे. आठवण ही आमची शिदोरी. पण ती किती सोयीने बदलते, हेही कवीला ठाऊक असते. कवितेत ते खपून जाते, विज्ञानात खपत नाही.

म्हणून डॉल आणि हिल यांनी उलटी वाट धरली. ऑक्टोबर १९५१मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या सुमारे ५९,६०० डॉक्टरांना पत्र पाठवले. प्रश्न अगदी थोडे : धूम्रपान करता का, किती करता, सोडले असेल तर केव्हा? चाळीस हजारांवर उत्तरे आली. डॉक्टरच का निवडले? त्यांची नावे सरकारमान्य नोंदवहीत असतात, त्यामुळे पुढे कोणाचे काय झाले ते शोधणे सोपे जाते. मग दोघे थांबले. दोन-अडीच वर्षांत पस्तिशीपुढच्या पुरुष डॉक्टरांपैकी ७८९ जण वारले. त्यांतले ३६ फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले. जितकी तंबाखू जास्त, तितके या मृत्यूंचे प्रमाण जास्त. हा अहवाल १९५४च्या जूनमध्ये छापून आला.

रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रातले फार मोठे नाव. ते स्वतः पाइप ओढत. त्यांचे म्हणणे असे की, सिगारेटची ओढ आणि कर्करोग या दोन्हींचे मूळ एकाच आनुवंशिक गुणात असू शकेल. वाद घालून हा प्रश्न सुटला नसता. ज्यांनी सिगारेट सोडली, त्यांचे पुढे काय होते, हे पाहावे लागले. पन्नास वर्षांचा अहवाल २००४च्या जूनमध्ये आला. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी जातात. साठाव्या वर्षी सोडली तर त्यांतली तीन, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी जवळजवळ सगळी वर्षे परत मिळतात. हिल १९९१मध्येच निवर्तले होते. नव्वदी ओलांडलेले डॉल हा अहवाल पाहू शकले आणि पुढच्याच वर्षी गेले.

अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ साली असेच काम सुरू झाले. ५,२०९ स्त्री-पुरुष दर दोन वर्षांनी तपासणीला येऊ लागले. वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, असे तेव्हा अनेक डॉक्टर मानत. तो वाढणे हृदयाला घातक आहे, हे या गावाने दाखवले. १९७१पासून त्यांची मुले आणि २००२पासून नातवंडे या अभ्यासात आली.

आपल्याकडचे उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केले. विवाहित स्त्रियांच्या नोंदी गर्भ राहण्याच्या आधीपासून ठेवल्या. बाळे जन्मली ती सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने हलकी. पण स्नायूंच्या मानाने त्यांच्या त्वचेखालची चरबी टिकून होती. किडकिडीत दिसणारी बाळे आतून ‘लठ्ठ’ निघाली. मुले सहा वर्षांची झाल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांचे शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. आपल्याकडच्या मधुमेहाचा एक धागा असा आईच्या पोटापर्यंत पोचला. मुले मोठी झाल्यावर आयांना विचारून हे कधीच कळले नसते.

या पद्धतीच्या इतिहासात एक काळे पानही आहे. अमेरिकेतल्या टस्कीगी इथे सरकारी आरोग्य खात्याने १९३२पासून सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर नजर ठेवली. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचे नावही सांगितले नाही. १९४०च्या दशकात पेनिसिलीन हा खात्रीचा उपाय हाती आला, तरी तो दिला नाही. रोग कसा वाढतो, हे पाहायचे होते ना! १९७२ साली वर्तमानपत्रात बातमी आली, तेव्हा ते थांबले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ साली. वाट पाहणे हे संशोधकाचे काम खरे. पण समोरचा माणूस बुडत असताना काठावर वही घेऊन बसणे, हे संशोधन नव्हे.

आता आपल्या विद्यार्थ्याकडे येऊ. २०२२च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि एरवी जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात. पन्नास वर्षे थांबणे त्याला परवडणारे नाही. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, आधीपासून चालू असलेल्या मोठ्या अभ्यासात सामील होऊन त्यातला एक प्रश्न आपला करणे. दुसरी, ज्याचे उत्तर थोड्या काळात मिळते असा विषय घेणे : बाळंतपणानंतरचे सहा महिने, पेरणी ते कापणी, किंवा पहिलीत आलेल्या मुलांचे जून ते एप्रिल वाचन.

वाचनाचाच विषय घ्या. मराठवाड्यातल्या एखाद्या गावात जूनमध्ये मुलांची नावे लिहिली. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबे निघून गेली. एप्रिलमध्ये जी मुले वर्गात सापडली, तेवढीच मोजली, तर निष्कर्ष छान येईल आणि खोटा असेल. जी मुले यादीतून गळाली, तीच तर त्या गावाची खरी गोष्ट आहे. त्यांचा माग काढणे कष्टाचे, खर्चाचे आहे. पण या पद्धतीचा सगळा कस तिथेच लागतो.

म्हणून कोणाला निवडणार, काय मोजणार, केव्हा मोजणार आणि कोणत्या गोष्टीला उत्तर मानणार, हे पहिल्या दिवशीच कागदावर उतरवून ठेवावे. आलेल्या उत्तराप्रमाणे मागाहून प्रश्न बदलण्याचा मोह मोठा असतो, आणि तारीख घातलेला तो कागदच आपल्याला त्यापासून वाचवतो. उत्तर मनासारखे येईलच असे नाही. पण ते आले, तर त्यावर विश्वास ठेवता येईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)