मोठ्या चाकाचे मोल

बैलगाडीचे चाक इतके मोठे का असते, हा प्रश्न लहानपणी ज्याला पडला असेल, त्याला त्याचे उत्तर पावसाळ्यातल्या गाडीवाटेनेच दिले असेल. ज्या खड्ड्यात लहान चाक तुंब्यापर्यंत रुतून बसते, तोच खड्डा मोठे चाक सहज ओलांडून जाते. वाट जितकी वाईट, तितके चाक मोठे, हा गाडी वाहणाऱ्यांचा जुना अनुभव आहे आणि त्यावर कोणा एका देशाची मिरास नाही. परंतु ह्याच अनुभवाचे एक विलक्षण आख्यान विसाव्या शतकात अमेरिकेत घडले. तेथे चाक मोठे झाले ते प्रथम गरजेपोटी, मग हौसेपोटी. आणि हौस हाताबाहेर जाऊ लागली तेव्हा कायद्याला मध्ये पडावे लागले. अमेरिकेतल्या अवजड पिकअप ट्रकांना बसविलेल्या मोठ्या चाकांची ही कथा आज आपणांस सांगावयाची आहे.

पिकअप म्हणजे पुढे चालकाची खोली आणि मागे उघडा हौदा असलेली मालमोटार. अमेरिकेत ती शेतकऱ्याची, गवंड्याची, गुराख्याची गाडी. तिच्यातल्या दणकट जातींना तेथे पाऊण टनी आणि एक टनी म्हणतात. ही नावे एके काळी त्या गाड्या किती ओझे नेत त्यावरून पडली. पुढे ओझे कितीतरी वाढले, नावे मात्र तीच राहिली. अशी गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या टायरांची उंची सामान्यतः बत्तीस-तेहतीस इंच असते. ती काढून तेथे सदतीस किंवा चाळीस इंची टायर चढवावयाचे, ही तिकडची मोठी हौस. आणि तिच्यावर एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला आहे.

ह्या हौसेचे मूळ हवेत आहे. रॉबर्ट विल्यम टॉमसन ह्या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ साली हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले. पण त्याची कल्पना काळाच्या फार पुढे होती. १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप ह्या पशुवैद्याने तीच गोष्ट नव्याने शोधून काढली आणि ह्या वेळी जगाने ती उचलली. टायरमध्ये ओझे पेलते ते मुख्यतः रबर नव्हे, हवा. म्हणून चाकाचा जमिनीशी किती स्पर्श होतो, हे हवेच्या दाबावर अवलंबून असते. एका चाकावर ७५० किलो भार असला आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो दाब असला, तर चाक सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर जमीन व्यापते. दाब पाऊण किलोवर आणला, की तोच स्पर्श १००० चौरस सेंटिमीटरांच्या आसपास जातो आणि गाडी वाळूत रुतण्याऐवजी वाळूवर तरंगू लागते. मात्र इतका कमी दाब सोसण्यासाठी टायर रुंद आणि पोटाचा मोठा हवा. राल्फ बॅग्नोल्ड ह्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लिबियाच्या वाळवंटात मोटारी हाकून हे ज्ञान मिळविले. १९४० साली त्याने इजिप्तमध्ये लांब पल्ल्याचे वाळवंटी पथक उभारले, तेव्हा त्याच्या मालमोटारी अशाच रुंद टायरांवर धावल्या.

अमेरिकेच्या सैन्यानेही हा धडा गिरविला. १९४२ साली तयार झालेल्या ‘डक’ नावाच्या पाण्यात व जमिनीवर चालणाऱ्या मालमोटारीत चालक आपल्या जागेवर बसूनच टायरांतील हवा कमीजास्त करू शके. किनाऱ्याच्या वाळूवर मऊ चाक, पक्क्या रस्त्यावर कठीण चाक! युद्ध संपल्यावर डॉज कंपनीने आपल्या लष्करी गाडीच्या घडणीवरून एक नागरी मालमोटार बाजारात आणली. तिचे नाव ‘पॉवर वॅगन’, साल १९४६. चारही चाकांना ओढ देणाऱ्या ह्या एक टनी गाडीचे टायर त्या काळच्या मानाने चांगलेच थोर होते. पण येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिचे चाक मोठे होते तसा तिचा एक्सलही जाड होता, आणि गिअर मुद्दाम मंद व बळकट ठेवलेले होते. ती गाडी वेगाने पळत नसे. पण ओढायची तेथे ओढत असे. चाक, आस, गिअर आणि ब्रेक ह्या चौघांनी आधी एकमेकांशी सल्लामसलत करूनच ती जन्माला आली होती.

पुढच्या पिढीने मात्र ही सल्लामसलत सोडली आणि एकटे चाकच तेवढे मोठे केले. त्याचे काय होते, हे सेंट लुई शहराजवळच्या बॉब चँडलर ह्या बांधकाम कंत्राटदाराच्या अनुभवात स्वच्छ दिसते. १९७४ साली त्याने फोर्ड कंपनीची एफ-२५० ही पाऊण टनी गाडी घेतली. तिला मोठे टायर चढविले, तशी चिखलात तिची मजल वाढली; पण त्या टायरांच्या ओढीने एक्सल मोडू लागले. त्याने अधिक बळकट एक्सल घातले; ते पेलले, तर आणखी मोठे टायर चढविले; मग पुन्हा मोडतोड. लागणारे सुटे भाग सहजी मिळेनात, तेव्हा त्याने स्वतःचेच दुकान काढले. शेवटी लष्कराच्या मालमोटारींचे एक्सल आणून त्याने गाडी अठ्ठेचाळीस इंची टायरांवर उभी केली. गाडीला नाव मिळाले ‘बिगफूट’. ते आले तिच्या चाकांवरून नव्हे, तर मालकाच्या पायावरून. कारण त्याचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर फार जड पडे, अशी मित्रांची थट्टा होती. १९८१ साली त्याने एका शेतात दोन मोडक्या मोटारी ठेवून त्यांवरून ही गाडी नेली. गंमत म्हणून केलेला हा प्रकार लोकांना इतका भावला, की पुढच्याच वर्षी पाँटिअ‍ॅक येथील सिल्व्हरडोम क्रीडागृहात हजारो प्रेक्षकांसमोर सहासष्ट इंची टायरांची बिगफूट मोटारी चिरडताना दिसली. हे टायर मूळचे शेतात खत पसरणाऱ्या यंत्रांचे. १९८६ साली तर चँडलरने दहा फूट उंचीचे टायर लावलेली गाडी तयार केली. तेही टायर मूळचे सैन्याचे, बर्फावरून सामान वाहणाऱ्या एका प्रचंड रस्ता-आगगाडीसाठी बनविलेले. नांगरटीतल्या मऊ मातीसाठी आणि उत्तरेकडच्या बर्फासाठी जन्मलेली चाके अशी खेळाच्या मैदानात आली.

चँडलरने प्रत्येक वेळी मोडलेला भाग बदलला आणि चाकाचे देणे चुकते केले. त्याचे अनुकरण करणाऱ्या साध्या मालकाला मात्र हे देणे पुष्कळदा दिसतच नाही. थोडा हिशेब करून पाहू. बत्तीस इंचांच्या जागी चाळीस इंची टायर आला, म्हणजे चाकाची उंची सव्वापट झाली. एका फेऱ्यात गाडी सव्वापट अंतर तोडते. म्हणून वेगमापकात दुरुस्ती केली नाही, तर काटा ताशी ६० मैल दाखवितो तेव्हा गाडी ७५ मैलांनी धावत असते. इंजिनाची जमिनीवरची ओढ एकपंचमांशाने घटते. ती परत मिळवावयाची तर एक्सलमधला ४.१० चा गिअर काढून ५.१३ चा घालावा लागतो. ब्रेकचेही तेच. पाय तितकाच दाबला तरी गाडी थांबविणारे बळ एकपंचमांशाने कमी पडते. शिवाय टायर स्वतःच जड, म्हणून त्याची फिरत थांबविणेही कठीण. आणि एवढे करून एक्सलची जमिनीपासूनची उंची वाढते ती आठ इंच नव्हे, केवळ चार. कारण आस ही चाकाच्या मध्यावर असते.

अवजड गाडीच्या बाबतीत ह्यापुढेही काही प्रश्न उभे राहतात. टायर मोठा म्हणून तो अधिक ओझे पेलेलच असे नाही. त्याची ओझ्याची मर्यादा त्याच्या अंगावर छापलेली असते आणि ती त्याची बांधणी व हवेचा दाब ह्यांवर ठरते. मागे दोन्ही बाजूंस जोडचाके असतील तर दोन टायरांमध्ये पुरेशी फट लागते. ओझ्याखाली ते फुगून एकमेकांस घासले, तर तापून फुटण्याचे भय असते. रुंद टायर पाट्यांना लागू नयेत म्हणून चाक बाहेर काढून बसविले, तर बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि स्टिअरिंग जड होते. टायर वर घासू नयेत म्हणून गाडीच उंच केली, तर तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो.

परंतु सर्वांत मोठे देणे गाडीच्या मालकाचे नसतेच. ते रस्त्यावरच्या परक्या माणसाच्या नावे पडते. अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार प्रवासी मोटारींचे बंपर १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात येतात, पण हा नियम पिकअपला लागू नाही. उंच केलेल्या गाडीचा बंपर लहान मोटारीच्या बंपरला भेटतच नाही. तो वरून थेट तिच्या पत्र्यात आणि खिडकीत शिरतो. पायी चालणाऱ्याचे तर विचारूच नये. तेथील विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्या गाड्यांच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक आहे त्यांच्या धडकेने पादचाऱ्याचा मृत्यू होण्याचा संभव, तीस इंचांहून अधिक उंच नसलेल्या उतरत्या तोंडाच्या गाड्यांच्या तुलनेत, सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असतो. हा निष्कर्ष कारखान्यातून आल्या तशा गाड्यांचा आहे. त्यावर आणखी काही इंच चढविले, म्हणजे समोरचे मूल चालकाला दिसावे तरी कसे? नॉर्थ कॅरोलायना राज्यात पुढचे तोंड उंच आणि मागची बाजू खाली करण्याची रीत फोफावली, तेव्हा २०२१ साली कायदा झाला, की पुढचा मडगार्ड मागच्याहून चार इंच वा अधिक उंच असता कामा नये. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहेच. नोंदणीपत्रात उतरलेल्या निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरबदल वाहनात करता येणार नाही, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला.

ह्याचा अर्थ मोठे चाक म्हणजे केवळ मिजास, असा कोणी करू नये. आइसलंडच्या हिमनद्यांवर आजही अडतीस इंची वा त्याहून थोर टायरांच्या, हवा अगदी कमी केलेल्या गाड्या माणसांची सुटका करावयास जातात. तेथे चाकाबरोबर गिअर, एक्सल आणि मडगार्ड ही सारी बदललेली असतात. आणि मुख्य म्हणजे तेथे बर्फ आहे. चाकाने वाटेकडे पाहून मोठे व्हावे, शेजारच्या गाडीकडे पाहून नव्हे.

आपला जुना सुतार चाकाचा घेर वाढविताना तुंबा आणि आसही पाहत असे. गाडी एकट्या चाकावर चालत नाही, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. पिकअपच्या ह्या साऱ्या आख्यानाचे सारही तेवढेच आहे. चाकाची उंची विकत घेता येते. पण तिचे मोल गिअरला, ब्रेकला, आसेला आणि समोरून येणाऱ्या अनोळखी वाटसरूला विचारूनच ठरवावे लागते.