लिनक्समधील पडद्याची जुळणी
ग्राफिक्स कार्ड व संगणकाचा पडदा यांचा मेळ लिनक्स या परिचालन प्रणालीत आज्ञावलीच्या द्वारे घालण्याची रीत. चित्रप्रदर्शनाचा पाया असलेली एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत तयार झाली. लायनस टॉरव्हॉल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स प्रसिद्ध केले व १९९२ मध्ये सुरू झालेल्या एक्सफ्री८६ या प्रकल्पामुळे त्यावर चित्रप्रदर्शन सुलभ झाले.

तथापि पडद्याच्या आडव्या व उभ्या कंप्रतांच्या मर्यादा वापरणाऱ्यालाच संरूपण-फाइलीत लिहाव्या लागत. आकडे चुकल्यास पडदा काळा पडे किंवा चित्र थरथरे. जुन्या ऋण किरण नलिकेच्या पडद्यांना इजा होण्याचाही धोका असे. १९९४ मध्ये ईडीआयडी हे मानक ठरल्यावर पडदा आपली माहिती स्वतःच पुरवू लागला. २००९ पासून विभेदन ठरविण्याचे काम टप्प्याटप्प्याने कर्नलकडे गेले व अशा फाइलीची गरज बहुधा उरली नाही. कार्डाशी मेळ न बसल्यास संगणक सुरू होताना ‘नोमोडसेट’ ही सूचना देऊन ही व्यवस्था तात्पुरती बंद करतात व नंतर योग्य चालक-आज्ञावली बसवितात.

मूळ अडचण मात्र तंत्राइतकीच माहितीच्या मालकीची होती. एनव्हिडिया कंपनीची चालक-आज्ञावली बंदिस्त असल्याने स्वयंसेवकांनी कार्डांच्या वर्तनाचे निरीक्षण करून नूव्हो हा खुला चालक रचला. २०१० मध्ये तो कर्नलमध्ये समाविष्ट झाला. २०२२ मध्ये कंपनीने आपल्या चालकाचा कर्नलशी संबंधित भाग खुला केला. विकत घेतलेले यंत्र जाणण्याचा व दुरुस्त करण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न या इतिहासाच्या मुळाशी आहे.