रिप्लेच्या वाटेवर

वे नदीच्या काठची ही वाट सायकलींसाठी नव्हती. मालाच्या होड्या ओढणारे घोडे तिच्यावरून चालायचे. न्यूआर्कच्या मठाचे उभे राहिलेले अवशेष मागे टाकून मी रमतगमत रिप्लेला पोहोचलो, तेव्हा पोटरीला चेनचं काळं वंगण लागलं होतं.

सरे परगण्यातलं हे एवढंसं गाव, पण 1880-90च्या दशकांत लंडनचे सायकलवाले इथे लोटत. 'अँकर' पबमध्ये डिबल भगिनी त्यांना खाऊपिऊ घालत. 1878 साली स्थापन झालेल्या सायकलप्रवाशांच्या क्लबचं पंखवालं चाक भिंतीवर दिसलं, की सायकलवाल्याने खुशाल आत शिरावं.

मला मात्र शेजारच्या ओकमची गोष्ट अधिक आवडते. 1898 मध्ये लेडी हार्बर्टन नावाच्या एक बाई सायकलवरून 'हॉटबॉय' हॉटेलात आल्या, अंगात ढगळ विजार. मालकिणीने कॉफीरूमचं दार अडवलं. हवं तर बारच्या खोलीत बसा, म्हणाली. (आमच्या आजीनेही हेच केलं असतं!) क्लबने खटला गुदरला. मालकिणीचा बचाव असा: दुसरी खोली देऊ केली होती ना, मग नकार कुठे दिला? 1899 मध्ये मालकीण निर्दोष सुटली.